नेपाळी स्वयंपाकात बडीशेप की ओवा?

घरी नेपाळी जेवण करायला बसलात आणि डब्यात बडीशेप आणि ओवा यांतलं एकच असेल, तर आधी ताटात काय वाढायचंय ते ठरवा. पहाडी भागातलं रोजचं डाल-भात-तरकारी हवं असेल तर ओवा. लोणचं आणि गोडधोड करायचं असेल तर बडीशेप. बडीशेपेला तिकडे सौंफ म्हणतात, ओव्याला ज्वानो. दोन्ही जिऱ्या-धण्याच्याच कुळातली, पण बडीशेपेचा गोड वास अ‍ॅनेथॉल या सुगंधी द्रव्याचा आणि ओव्याचा झणका थायमॉल या दुसऱ्या द्रव्याचा. म्हणून एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

हे सर्वांत आधी कळतं ते सागात. रायोको साग म्हणजे मोहरीच्या जातीची रुंद पानं. मोहरीचं तेल चांगलं तापवायचं, त्यात सुकी मिरची आणि ओवा घालायचा, मग पानं आणि मीठ. बस्स. मी एकदा ओव्याऐवजी बडीशेप घालून पाहिली. पानांचा तो सुरेख कडवट-तिखटपणा गोडसर वासाखाली पार दबून गेला. बाळंतिणीलाही तिथे ज्वानोको झोल, म्हणजे ओव्याचं गरम पातळ कढण देतात. आपल्याकडेही बाळंतिणीला ओवा असतोच. (सोबतच्या बाळंतशोपा मात्र शेपूचं बी, बडीशेप नव्हे.)

बडीशेपेचं राज्य अचारात, म्हणजे नेपाळी लोणच्यात. लप्सी हे डोंगराळ भागातलं आंबट फळ. ते उकडून, साल काढून, गूळ किंवा साखर, मिरची आणि मसाल्यात शिजवतात. या आंबटगोडात बडीशेप अशी मुरते की ओवा तिथे नुसता टोचेल. लप्सी मिळाली नाही तर मी कैरी घेते. अर्धा किलो कैरीला दोन चहाचे चमचे बडीशेप मंद आचेवर जेमतेम भाजायची, भरडायची आणि शेवटी घालायची. तेलात आधी टाकली तर ती पटकन करपते आणि कडू होते.

तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, आंब्याच्या लोणच्यात मोहरीच्या तेलात बडीशेप, मेथी, मोहरी आणि कलौंजी असते. आपल्या लोणच्यात मोहरीची डाळ, मेथी आणि हिंग पुढे असतात. कैरी तीच, पण बडीशेपेमुळे बरणी उघडताच वेगळा मुलूख जाणवतो.

बटाट्याच्या अचारात, तीळकूट आणि लिंबू घालतात त्या, मला दोन्हीही नकोत. तिथे मेथीच हवी, तेलात काळी होईपर्यंत तळलेली.

तराईतच जनकपूरकडे छठ या सूर्यपूजेच्या सणाला कणीक, गूळ आणि तुपाचा ठेकुवा करतात, त्यात मात्र बडीशेप अख्खीच घाला. तळलेल्या ठेकुव्यात ती दाताखाली यायला हवी.