जुनी मासिकं घेताना आधी जाहिरातीची पानं शाबूत आहेत का बघा

नाशकात रविवार कारंजाकडून मेन रोडला जाताना मधल्या एका बोळात जुन्या पुस्तकांचं हे दुकान आहे. पाटी नाही, म्हणून मीही नाव देत नाही. शेजारच्या भांडीवाल्याला "मासिकवाले काका कुठे बसतात?" विचारलं की तो हातानेच दाखवतो. पुढच्या बाजूला स्पर्धा परीक्षांची गाइडं, बारावीचे जुने संच, इंजिनिअरिंगच्या चौथ्या हातची पुस्तकं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. माझं परीक्षण मागच्या खोलीपुरतं. तिथे लोखंडी मांडणीवर 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांचे जुने अंक आहेत, आणि एवढे एका जागी मी नाशकात दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

मी छपाईतली. पंचवटीत आमचं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, होती; लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं निघायची. अंक हातात आला की माझं लक्ष आधी शिलाईकडे जातं, मजकूर नंतर. हे आधीच सांगते, कारण ज्यांना फक्त कथा वाचायच्या आहेत त्यांना माझ्या तक्रारी विचित्र वाटतील.

काकांकडे दोन तऱ्हेचा माल आहे: ग्रंथालयांनी निकाली काढलेले बांधीव खंड आणि घराघरांतून रद्दीत आलेले सुटे अंक. खंड दिसायला झकास. कापडी पाठ, कोपऱ्यांना कापड, सहा-सहा महिने एका पुठ्ठ्यात. कपाटात शोभतात, आणि बहुतेक गिऱ्हाइकं तेच मागतात. पण पैसे देण्याआधी एक खंड उघडा आणि एक महिना संपून दुसरा सुरू होतो तिथे बघा. मुखपृष्ठ नाही. जाहिरातींची पानं नाहीत. बाइंडरने टाचण्या काढून अंक खोलला, मजकूर तेवढा ठेवला आणि बाकीचं किलोवर दिलं. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. खंड जाड झाला की शिलाई ताणते, कटिंगला त्रास होतो, शिवाय ग्रंथालयवाल्यांचंच सांगणं असायचं की जाहिराती काढून टाका. दुसऱ्या एखाद्या मासिकाच्या बाबतीत मी म्हटलं असतं, चालायचंच. इथे नाही चालत. कारण 'किर्लोस्कर' जन्मालाच आलं ते जाहिरातीसाठी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंगचे मास्तर होते. ते सोडून बेळगावला आले. तिथे सायकलच्या दुकानाने धंद्याला सुरुवात झाली, थोरले भाऊ रामूअण्णा सोबत. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. 1910 मध्ये तिथल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ते स्टेशनही त्याच नावाने ओळखलं जातं. कारखाना झाला, नांगर ओतून तयार झाले, पण ते घेणार कोण? लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला वाटायचं, लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष चढेल.

इथे पुतणे शंकरराव येतात, शं. वा. किर्लोस्कर. चित्रकार पं. सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकलेला माणूस, हातात कुंचला आणि लेखणी दोन्ही, आणि गळ्यात पडलं जाहिरातखातं. त्यांनी जानेवारी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं. एजंट, गिऱ्हाईक आणि कारखान्याची माणसं यांना जोडून ठेवणारं पत्रक, एवढाच त्याचा आव. पण पत्रकात गोडी यायला लागली. नांगराच्या जोडीला उद्योगधंद्यांची माहिती आली, मग गोष्टी, मग समाजावरचे लेख. 1929 पासून नावातलं 'खबर' गळालं आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. ऑगस्ट 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. पुण्या-मुंबईत नव्हे, सांगलीकडच्या एका माळावर, नांगराच्या कारखान्याला लागून असलेल्या छापखान्यातून महाराष्ट्रभर जाणारी तीन मासिकं.

मला यात जे दिसतं ते असं. लोखंडाने जमीन नासत नाही हे ज्याला शेतकऱ्याच्या गळी उतरवायचं आहे, त्याला छोटी वाक्यं लिहावी लागतात, चित्र काढावं लागतं, आणि समोरच्याला मूर्ख न म्हणता त्याची समजूत खोडावी लागते. शंकररावांनी तेच हत्यार पुढे बुवाबाजीवर, जातीपातीवर, मुलींच्या शिक्षणावर चालवलं. सुट्या अंकात नांगराची जाहिरात आणि अंधश्रद्धेवरचा लेख मागेपुढे ठेवून वाचले तर दोन्हींचा सूर एकच लागतो. बांधीव खंडात फक्त लेख उरतो, आणि मग तो एखाद्या सुधारकाचं व्याख्यान वाटायला लागतो. मागे विक्रेता उभा आहे हे दिसतच नाही.

म्हणून सुटे अंक घ्या. मी घेतले त्यांत 1930 च्या दशकातले काही 'किर्लोस्कर' आहेत. कागद पिवळा पडलाय, कडा हाताला लागल्या तर भुगा होतो, पण छपाई बघून मी तिथेच पंख्याखाली बसकण मारली. हाताने जुळवलेले खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे), जोडाक्षरांचे वेगळे खिळे, वेलांट्या-उकार जागच्या जागी. पानामागून बोट फिरवलं की दाब कळतो आणि तो पानभर सारखा आहे. फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेली पानं, मशीनवर चढवल्यावर खालून कागदाचे कपटे लावत लावत हा दाब सारखा करावा लागतो. अर्धा दिवस त्यातच जातो. रेखाचित्रांच्या जस्ताच्या ठोकळ्यांना कुठे शाई भरलेली नाही. आज आमच्याकडे ऑफसेटवर चार रंग सहज निघतात, तरी गिऱ्हाईक घाईत असलं की रजिस्टर हलतंच, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं तेव्हाचे अंक लगेच ओळखू येतात: पानं कमी, कागद खरखरीत, समास आखडलेले. त्यांची किंमत काका कमी सांगतात, पण मला तर तेच जास्त बोलके वाटतात. ज्याला छपाई कळते त्याने ते आधी उचलावेत.

'स्त्री'चा गठ्ठा वेगळा आहे आणि जास्त चांगल्या अवस्थेत आहे, कारण ते अंक बायकांनी ट्रंकेत जपले. काहींवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आणा-पैचे हिशेब आहेत, एकात स्वेटरच्या टाक्यांची मोजणी. काका म्हणतात अशा अंकांना भाव येत नाही. मी मुद्दाम तेच घेतले. माझ्या सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी एक अंक हातात घेऊन आधी पाककृतीचं पान शोधलं आणि जाहीर केलं की साखर जास्त सांगितली आहे. अग्रलेखाकडे ढुंकूनही बघितलं नाही. संपादकांना हे आवडलं नसतं, पण मासिक घरात शिरतं ते अशाच दारातून.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती बोलायलाच हवी. बायकांसाठी काढलेल्या मासिकाची सूत्रं बरीच वर्षं घरातल्या पुरुषांकडेच राहिली, आधी शंकरराव, मग त्यांचे चिरंजीव मुकुंदराव. सूनबाई शांताबाई किर्लोस्कर कामात होत्या; या मासिकांची हकीकत पुढे त्यांनीच लिहून ठेवली. विद्या बाळ 1964 मध्ये 'स्त्री'त आल्या आणि संपादक झाल्या 1983 मध्ये. त्यांच्या तीन वर्षांतले अंक काढून बघा: हुंडाबळी, घरातली मारहाण, बाईचं स्वतःचं म्हणणं, सगळं सरळ पानावर. 1986 मध्ये त्या बाहेर पडल्या आणि ऑगस्ट 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. त्या तीन वर्षांचे अंक काकांकडे अगदी तळाला, दोरीने बांधून, "नवीन आहेत हो, त्याला कोण विचारतंय" या भावनेने ठेवलेत. स्वस्तात सुटले. आता ओरडू नका, मलाही सगळे मिळालेले नाहीत.

किमतीचं सांगते. साधा सुटा अंक शंभर ते दीडशे, मुखपृष्ठ शाबूत असेल तर दोनशे. बांधीव सहामाही खंड बाराशेपासून, घासाघीस केली तर हजार. म्हणजे सहा साध्या सुट्या अंकांपेक्षा खंड महागच पडतो, तरी माणूस त्याच्या दिसण्याच्या मोहात पडतो. काकांची विकायची कला मात्र दाद देण्यासारखी. प्रत्येक अंकाला ते नाशिकचा धागा लावतात. 'स्त्री'चा 1930 चा अंक असेल तर "काळाराम सत्याग्रहाच्या वर्षातला आहे, ताई". सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये छापून येत. असा अंक निघाला की "आपल्या भगूरचे" म्हणत किंमत थेट तिप्पट. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे वाद घालता येत नाही. तरी सावरकरांचा लेख असलेला अंक तिथे तिप्पट भावाने घेऊ नका. तो लेख पुस्तकात सहज मिळतो. अंकातली आजूबाजूची पानं पुस्तकात मिळत नाहीत, पण त्या पानांचे पैसे काका मागतच नाहीत, हा त्यांच्या दरपत्रकातला आपल्या फायद्याचा घोळ आहे.

आता उणं. मागच्या खोलीची गोदावरीकडची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि मांडणी नेमकी तिलाच टेकलेली. खालच्या कप्प्यातले 'मनोहर'चे अंक एकमेकांना चिकटलेत. ओढाल तर शाई दुसऱ्या पानावर जाते, त्यामुळे हात लावू नका. डांबरगोळ्या इतक्या की घरी आल्यावर अंक दोन दिवस गच्चीत सावलीत ठेवावे लागतात, उन्हात अजिबात नको. यादी नाही. वर्षवार लावणी नाही. "पहिला अंक आहे का?" विचारलं तर काका "आहे" म्हणतात आणि विसाच्या दशकातला कुठलातरी हातात देतात, वरची तारीख स्वतः वाचा. किर्लोस्कर म्हटलं की ते शाकुंतल लिहिणाऱ्या अण्णासाहेबांच्याही गोष्टी सुरू करतात. त्या ऐकायला छान आहेत, पण अण्णासाहेब 1885 मध्येच गेले, या मासिकांशी त्यांचा काही संबंध नाही.

आणि फोटो काढू देत नाहीत. आधी राग आला. मग कळलं की पूर्वी काहीजण यायचे, हवं ते पान मोबाइलवर टिपायचे आणि चहा पिऊन जायचे. त्यांची बाजूही बरोबर आहे.

सुटे अंक घेतलेत तर घरी काय करायचं तेही सांगते, कारण दुकानात कुणी सांगत नाही. गंजलेल्या टाचण्या आधी काढा, नाहीतर कागद तिथून खातात. चिकटपट्टी लावू नका, कितीही फाटलं असलं तरी. पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवा, मध्ये बटर पेपर. बांधूनच घ्यायचे असतील तर बाइंडरला दोन गोष्टी लिहून द्या: मुखपृष्ठं आणि जाहिराती आत हव्यात, आणि कडा मशीनवर कापायच्या नाहीत. तो कुरकुर करेल, जास्त पैसे मागेल. द्या.

दुकान सकाळी अकराला उघडतं, दुपारी एक ते चार बंद, बुधवारी सुट्टी. मेन रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, शालिमारला उतरून चालत या. यूपीआय चालतं, पिशवी स्वतःची न्या. पाच सुटे अंक एकदम घेतले तर एकाचे पैसे सोडतात, पण हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अलीकडे एका वाड्यातून आलेल्या दोन गोण्या अजून बांधलेल्याच पडल्या होत्या. गणपतीनंतर सोडणार म्हणाले, आणि त्यांत 'खबर' नाव असलेले अंक निघाले तर माझ्यासाठी बाजूला ठेवायला मी सांगून आलेय, तेव्हा ते सोडून बाकीचे तुमचे.