मदाराका एक्सप्रेस: गाडी चोख, करार महाग

स्वाहिलीत मदाराका म्हणजे स्वराज्य. नैरोबी ते मोंबासा या 472 किलोमीटरच्या मार्गावरच्या गाडीचं नाव तेच. रूळ चिनी कंपनीने टाकले, इंजिनं आणि डबे चीनमधून आले, बांधकामाच्या खर्चातला नव्वद टक्के वाटा चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जाचा. गाडी 31 मे 2017 रोजी सुरू झाली, मदाराका दिनाच्या आदल्या दिवशी.

मसाईमारा उरकून मोंबासाच्या किनाऱ्याकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी ही गाडी घ्यावी का? जरूर घ्यावी. आपल्यासारख्या देशाने रेल्वे याच पद्धतीने विकत घ्यावी का? ते मात्र करार वाचून ठरवावं, आणि नेमका तोच अनेक वर्षं कुलपात होता.

आधी तिकीट. केनिया रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरून *639# लावून आरक्षण होतं, पैसे एम-पेसाने, म्हणजे तिथल्या मोबाईल पाकिटातून, भरायचे. परदेशी माणूस अडतो तो इथेच, कारण एम-पेसाला केनियाचं सिम लागतं. ते विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घ्यावं, नाहीतर सहलवाल्याला तिकीट काढायला सांगावं. पासपोर्टचा नंबर मात्र आपण स्वतः तपासायचा, कारण प्रवेशाच्या वेळी तो जुळवून पाहतात. जानेवारी 2024 पासून इकॉनॉमीचं भाडं 1,500 शिलिंग आणि पहिल्या वर्गाचं 4,500 आहे. त्याआधी ते 1,000 आणि 3,000 होतं. वाढीचं कारण डिझेल. मार्गावर विजेच्या तारा नाहीत, त्यामुळे इंधन महागलं की भाडं हलतं. डिसेंबरात आणि ईस्टरला जागा लवकर भरतात.

नैरोबीचं टर्मिनस शहरात नाही, स्योकिमाऊला आहे. शहरातल्या जुन्या स्टेशनवरून तिथवर लोकल जाते. ती पकडली तर ट्रॅफिक टळतो, टॅक्सीने जायचं तर सकाळी दीड तास हाताशी ठेवा. गाडीच्या वेळेआधी किमान एक तास पोहोचायला हवं, कारण तपासणी विमानतळापेक्षा कडक असते. बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडायच्या, आपण मागे सरकायचं, मग पोलिसांचा कुत्रा ओळीवरून हुंगत जातो. एखाद्या बॅगेपाशी तो रेंगाळला तर घाबरून पुढे धावू नये. त्यानंतर क्ष-किरण यंत्र, तिकीट, ओळखपत्र. दारू आणि चाकू-सुरी चालत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशभर ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे. बंदी आपल्याकडेही आहे म्हणा, पण तिथे ती पाळली जाते. चिवडा डब्यात भरून न्या.

इकॉनॉमीत एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशी समोरासमोर आसनं, मध्ये लहान टेबल. एका डब्यात 118 माणसं. पाठ मागे झुकत नाही आणि समोरचा उंच असला की गुडघ्याला गुडघा लागतो. पहिल्या वर्गात दोन-दोन अशी 72 आसनं आहेत, पाय नीट पसरता येतात. पण तिप्पट पैसे मोजावेत इतका फरक नाही. सोबत म्हातारी माणसं किंवा कडेवरचं मूल असेल तरच तो वर्ग घ्यावा. सकाळची गाडी वाटेत आथी रिव्हर, एमाली, किब्वेझी, म्तितो अँडेई, व्होई, मियासेनी, मारियाकानी घेत साधारण सहा तासांत पोहोचते, दुपारची थेट गाडी पाच तासांच्या आसपास. पहिल्यांदाच जात असाल तर सकाळचीच घ्या. मोंबासाकडे जाताना हवा स्वच्छ असेल तर एमालीनंतर उजव्या हाताला किलिमांजारो दिसतो. म्तितो अँडेई ते व्होई डावीकडे पूर्व त्सावो आणि उजवीकडे पश्चिम त्सावो, म्हणजे लाल मातीने माखलेले हत्ती कुठूनही दिसू शकतात. त्यांना पलीकडे जाता यावं म्हणून भराव जागोजागी उचलून खालून वाट ठेवलेली आहे. मधूनच जुना मीटरगेज मार्ग दिसतो, 1896 ते 1901 मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे 32,000 मजुरांनी घातलेला.

वेळेच्या बाबतीत या गाडीला नावं ठेवायला जागा कमी. डबे स्वच्छ, थांबे मिनिटामिनिटाने आखलेले. सर्वेक्षण, बांधकाम, पुरवठा आणि सुरुवातीचं चालवणं हे सगळं एकाच चिनी गटाकडे असल्याने ढकलाढकलीला वाव नव्हता. आराखडे, सिग्नल, गाड्या चीनमध्ये आधीच वापरात असलेल्या ठरीव नमुन्याच्या, त्यामुळे प्रत्यक्ष काम अडीच वर्षांत उरकलं. चिनी कारभाराकडून उचलण्यासारखं काही असेल तर ते हेच: ठरलेला नमुना आणि कामाला एक धनी. भूसंपादनात दशकं घालवणाऱ्यांना हे टोचेल.

मार्ग एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगला मालगाड्या भेटतात. त्यांच्याकडे नीट बघा. नैरोबीकडे जाणारी कंटेनरने लादलेली असते, बंदराकडे परतणारी बऱ्याचदा हलकी. केनिया आयात जास्त करतो, आणि निर्यातीतला मोठा माल असलेला चहा तर मोंबासाच्याच गोदामांतून लिलावाला जातो. मार्गाची आखणी वर्षाला 2 कोटी 20 लाख टनांची. प्रत्यक्ष माल 2022 आणि 2023 मध्ये साठ-पासष्ट लाखांच्या घरात होता. प्रवासी गाडी भरलेली दिसली म्हणून कर्ज फिटतंय असं समजू नये. रेल्वेचं पोट मालावर भरतं, आणि हिशेब चुकला तो मालाचाच.

चुकला कसा, तर मार्ग परवडेल का याचा अभ्यास चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनने फुकट करून दिला आणि पुढे कंत्राटही त्यांनाच मिळालं, निविदेशिवाय. औषध विकणाऱ्याकडूनच निदान करून घेतल्यासारखं. जुना मार्ग दुरुस्त करणं कितीतरी स्वस्त पडेल, असं जागतिक बँकेने 2013 मध्येच सांगितलं होतं. केनियाच्या अपील न्यायालयाने जून 2020 मध्ये ही खरेदी बेकायदा ठरवली. तोवर गाड्या तीन वर्षं धावत होत्या. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

माल कमी पडला तर बंदर प्राधिकरण भरपाई देईल, अशी हमी करारात होती. मग माल आणण्यासाठी आयातदारांवर सक्ती झाली की नैरोबीचा कंटेनर रेल्वेनेच न्यायचा. इथे घोळ असा की रेल्वे कंटेनर नैरोबीतल्या एम्बाकासीच्या आगारात उतरवते. तिथून कारखान्यापर्यंत ट्रक वेगळा, रिकामा कंटेनर मोंबासाला परत पाठवण्याचा खर्च वेगळा. रुळावरचं भाडं स्वस्त दिसलं तरी दारापर्यंतचा हिशेब ट्रकवाल्याच्या वर जाऊ शकतो. ही सक्ती सप्टेंबर 2022 मध्ये नव्या सरकारने उठवली. त्याच नोव्हेंबरात कराराचे काही भाग उघड झाले. वाद झाला तर लवाद बीजिंगला, कायदा चीनचा. ‘चीन मोंबासा बंदर जप्त करणार’ हा व्हॉट्सॲपवर फिरलेला मजकूर सोडून द्या, तसं काही घडलेलं नाही. पण बंदराची कमाई हमीला बांधणं, हेही काही लहान नव्हे.

कर्जाचे दोन भाग होते. सवलतीचं 2 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी, पहिली 7 वर्षं मुद्दलाची सूट. व्यापारी कर्ज 15 वर्षांचं, लायबोर (लंडनच्या बँकांचा आपसातला व्याजदर) अधिक 3.6 टक्के, म्हणजे तरतं व्याज. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज 0.1 टक्का, 50 वर्षं, 15 वर्षं सूट असं आहे; शेजारी ठेवून बघा. शिवाय केनियाचं कर्ज होतं डॉलरमध्ये आणि भाडं शिलिंगमध्ये. 2014 मध्ये डॉलरला नव्वदच्या आत असलेला शिलिंग 2024 च्या जानेवारीत 160 च्या आसपास पोहोचला. 2025 मध्ये हे कर्ज युआनमध्ये फिरवून घेतलं, त्यामुळे व्याजाचा भार हलका झाला. ही वाटाघाट दहा वर्षं आधी झाली असती तर बरं. आणि कर्जाचा मोठा आधार म्हणजे आयात मालावरचा रेल्वे विकास कर, जो 2013 मध्ये दीड टक्क्याने सुरू झाला. म्हणजे कधीच गाडीत न बसणारी, देशाच्या पश्चिम टोकाच्या किसुमू शहरातली बाईही आयात तांदूळ घेताना तिकिटाचा वाटा भरते.

किसुमूला तर ही रेल्वे पोहोचलीही नव्हती. नैरोबीच्या पुढचा दुसरा टप्पा दीड अब्ज डॉलरचा, 120 किलोमीटरचा, ऑक्टोबर 2019 मध्ये सुस्वाजवळ माळरानावर येऊन थांबला. युगांडाच्या सरहद्दीपर्यंत जायचं होतं, पण पुढच्या कर्जाला चीनने हात आखडता घेतला. तिथून माल जुन्या मीटरगेजवर चढवावा लागतो. 1435 मिलिमीटरचा डबा 1000 मिलिमीटरच्या रुळावर जात नाही, म्हणून क्रेन, उतराई आणि मोडलेला वेळ.

मोंबासाचं टर्मिनस मिरितिनीला आहे, उंच मनोऱ्याभोवती पाण्यावरच्या तरंगांसारखी वर्तुळं असलेली देखणी इमारत. बाहेर आल्यावर टॅक्सीवाले घेरतात. ॲपवर भाव बघूनच बोलणी करा. मूळ शहर ज्या बेटावर आहे तिथे जायचं तर मटाटू (तिथली वडाप) स्वस्त. दियानीच्या किनाऱ्यावर जायचं असेल तर लिकोनीच्या फेरीबोटीच्या रांगेत उभं राहू नका, चालकाला डोंगो कुंडूच्या नव्या रस्त्याने घ्यायला सांगा. तो मिरितिनीहूनच निघतो आणि खाडीवरच्या पुलांवरून थेट दक्षिणेला उतरतो. तो जपानच्या कर्जातून झाला आहे.