ओटीजीचे सहा महिने, सोबतीला कशिदा आणि शेवंती

घटस्थापनेच्या आठवडाभर आधी 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, घरात आला, आता फाल्गुन लागलाय. हट्ट एकच होता, दिवाळीची नानकटाई घरी भाजायची. लहानपणी आई मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची. पत्र्याच्या ट्रेवर आमच्या नावाची चिठ्ठी लागायची आणि संध्याकाळी तो गरम डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसायचे. तो वास स्वतःच्या स्वयंपाकघरात हवा होता. मिळाला, पण तिसऱ्या घाण्याला.

पहिला घाणा पसरला. कारण ऑक्टोबरचं ऊन. नाशिकला त्या दिवसांत दुपारी तूप आपोआप पातळ होतं, मग कितीही फेसा, पीठ सैलच राहतं. आता तूप थिजवून घेते आणि गोळे वळले की ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. दुसरा घाणा खालून करपला. साधा ओव्हन थर्मामीटर आणून आत टांगला तेव्हा कळलं, की डायल 180 वर असला तरी आत 200 च्या आसपास जातंय. हा छोटा थर्मामीटर ओटीजीसोबतच घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. शिवाय आमच्या यंत्राचा मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, म्हणून निम्म्या वेळेनंतर ट्रे फिरवावा लागतो.

माझं प्रमाण: एक वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर सोडा, वेलची आणि जायफळ. थर्मामीटरवर 160 दिसलं की ट्रे आत, 18 ते 20 मिनिटं. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते, ती कच्ची समजून परत आत ठेवू नका. गार झाली की खुसखुशीत होते.

पावाचं गणित वेगळं. ऑक्टोबरात यीस्टचं पीठ तासाभरात दुप्पट फुगायचं, डिसेंबरात त्यालाच दोन तासांहून जास्त लागले. तेव्हा ओटीजीचा फक्त दिवा लावून पातेलं आत ठेवलं, तेवढी ऊब पुरली. विजेची भीती होती, ती गेली. यंत्र 1600 वॉटचं आहे, सलग तासभर चाललं तरी 1.6 युनिटच, आणि मध्ये रॉड बंद होतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. सॉकेट मात्र 16 अँपिअरचाच हवा. बाहेरचा पत्रा खूप तापतो, घरात लहान मूल असेल तर ही मोठी उणीव समजा.

भाजताना ओट्यापासून लांब जाता येत नाही. त्या 20 मिनिटांसाठी मी कशिदा हातात घेतला आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आठ इंची लाकडी रिंग, केसमेंटचं कापड, सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर. एका ट्रेला एक पान भरून होतं. देठाला उलटी टीप, पानाला काश्मिरी टाका, फुलाच्या मध्यावर गाठीचे टाके. महिन्याभरात रिंग सैल पडली, कापड घसरू लागलं. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली, तेव्हापासून ताण छान राहतो. परतीच्या पावसात हात घामेजतात, लाल दोरा पांढऱ्या कापडावर उतरू शकतो. दोरा आधी पाण्यात बुडवून बघा.

ते फूल शेवंतीचं आहे, कारण समोर गॅलरीत तीच होती. 12 इंची ग्रो बॅगमध्ये माती, कोकोपीट आणि गांडूळखत घालून चार रोपं लावली. तिघींना कार्तिकात कळ्या आल्या, चौथी नुसती पानांनीच भरत गेली. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. खरं कारण डोक्यावरच होतं. गॅलरीचा दिवा रात्रभर तिच्यावर पडायचा आणि शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधार लागतो. बॅग कोपऱ्यात सरकवली, महिन्याभराने तीही कळ्यांवर आली. पांढऱ्या कापडी बॅगा उन्हात फार लवकर सुकतात. ऑक्टोबरात दोनदा पाणी द्यावं लागलं, त्यामुळे पुढच्या वर्षी मातीच्या कुंड्या घेणार. मेथी मात्र बॅगेत उत्तम झाली, चौथ्या आठवड्यात खुडली आणि तिची पहिली मूठ खाऱ्या बिस्किटांच्या पिठात गेली.

चौघांच्या घराला 28 लिटर पुरतो. मी पुन्हा हाच आकार घेईन. नानकटाईच्या डब्यावर टाकायच्या रुमालाची अजून दोन फुलं बाकी आहेत. शेवंती फुलून गेल्यावर बुंध्याशी कापली होती, तिला फुटवे आलेत. गेल्या रविवारी ते मुळांसकट वेगळे करून सात ठिकाणी लावले, सगळे दिव्यापासून लांब.