क्रिल मोजायचे: जाळ्याने की आवाजाने?

क्रिल म्हणजे अंटार्क्टिकाचा जवळा, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहते एवढाच त्याचा फायदा. जवळा किनाऱ्यालगत राहतो आणि भरती-ओहोटीच्या ओढीने डोल जाळ्यात आपोआप येतो. क्रिल हा वेगळ्याच गटातला प्राणी. अंटार्क्टिक क्रिल फार तर ६ सेंटिमीटरचा, खुल्या समुद्रात थव्याने फिरणारा. त्याच्यामागे जहाज घेऊन जावे लागते, आणि जहाजाचे दिवस मोजकेच मिळतात. म्हणून काय मोजायचे हे बंदर सोडण्याआधी ठरलेले बरे.

‘किती आहे?’ हा प्रश्न असेल तर आवाजाला पर्याय नाही. जहाजाच्या तळाशी बसवलेला इको साउंडर ३८, १२०, २०० किलोहर्ट्झचे ध्वनी पाण्यात सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी नोंदवतो. जहाज चालत राहते, थांबायची गरज नाही. २००० साली अंटार्क्टिकाजवळच्या स्कोशिया समुद्रात रशिया, ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्या चार जहाजांनी अशीच पाहणी केली. थवे इतके विखुरलेले असतात, की जाळे एका थव्याच्या शेजारून रिकामे परत येऊ शकते. एवढ्या पसाऱ्याचा अंदाज नुसत्या जाळ्यांवरून बांधणे कठीणच.

पण त्याच पाहणीची पुढची गोष्ट इको साउंडर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. क्रिलचा पहिला हिशेब आला ४ कोटी ४३ लाख टन. पुढे तो ३ कोटी ७३ लाखांवर उतरला आणि २०१० मध्ये ६ कोटी ३ लाखांवर गेला. नोंदी त्याच, जहाजे तीच. बदलले ते गणित: एक क्रिल किती आवाज परतवतो, पाण्यात कोणत्या कोनात तरंगतो, प्रतिध्वनीतला कोणता भाग क्रिलचा धरायचा. यंत्राला ऐकू येतो तो फक्त प्रतिध्वनी. त्याचे टन करायला क्रिलची लांबी लागते, आणि ती हातात धरूनच मोजावी लागते. म्हणजे जाळे आलेच. २०१९ च्या पाहणीत ६ कोटी २६ लाख टन आले. तो आकडा आधीच्या आकड्याशेजारी ठेवताना दोन्हींमागचे गणित जुळते का, हे आधी पाहावे.

आवाजाच्या वाटेतली दुसरी अडचण रात्रीची. क्रिल रात्री वर येतात, आणि पृष्ठभागालगतचा पहिला थर जहाजाखालच्या यंत्राला दिसतच नाही. २००० मध्ये म्हणूनच ध्वनीच्या नोंदी दिवसाउजेडी घेतल्या आणि जाळी मध्यरात्री व दुपारी टाकली.

‘कोण कोण आहे?’ हा प्रश्न असेल, म्हणजे पाहणी क्रिलच्या समूहाची असेल, तर माझे मत सरळ जाळ्याच्या बाजूने. लहान वयाचा अंटार्क्टिक क्रिल आणि त्याच्यासोबत सापडणारा दुसऱ्या जातीचा क्रिल, थायसॅनोएसा मॅक्रुरा, हे प्रतिध्वनीवरून खात्रीने वेगळे करता येत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली येतात. नर, मादी, अंडी धरलेली मादी हेही तिथेच कळते. दक्षिण महासागरात रूढ असलेल्या आरएमटी-८ जाळ्याचे तोंड ८ चौरस मीटर, वीण साडेचार मिलिमीटर. ते २०० मीटरपर्यंत तिरके सोडून वर ओढतात. खोट दोन ठिकाणी आहे. मोठे क्रिल उजेडात जाळे पाहून पळतात, आणि अळ्या विणीतून निसटतात. अळ्यांसाठी वर बारीक विणीचे १ चौरस मीटरचे जाळे जोडतात. पळणाऱ्यांवर तसा सोपा उपाय नाही. तरी १९२६ पासूनच्या तुलना करण्याजोग्या नोंदी आहेत त्या जाळ्यांच्याच.

जहाजच परवडत नसेल तर? अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व हवामान संस्थेने २०१८-१९ पासून अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ पाण्याखालचे ग्लायडर, म्हणजे माणसाशिवाय फिरणारी छोटी यंत्रे, सोडले. ते ताशी जेमतेम किलोमीटरभर सरकतात, पण काही आठवडे ते काही महिने ऐकत राहतात. एकही क्रिल हाती लागत नाही, हा त्यांचा तोटा. नॉर्वे २०११ पासून साउथ ऑर्कनी बेटांभोवती दरवर्षी मासेमारी जहाजांवरूनच पाहणी करते. खर्चाचा विचार केला तर मला ही तोड जास्त पटते, कारण जाळे आणि खलाशी तिथे आधीच हजर असतात. पाण्यातल्या डीएनएवरून प्रजातींचा माग लागतो, लांबी किंवा वय मात्र नाही.

तुमचे पाणी अरबी समुद्राचे असेल तर पारडे जाळ्याकडे आणखी झुकते. इथले क्रिल आकाराने लहान, इतर प्राणिप्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, मिसळलेले. त्यात वाताशय (पोटातली हवेची पिशवी) असलेले छोटे प्रकाशमासे ३८ किलोहर्ट्झवर इतका मोठा प्रतिध्वनी देतात, की क्रिलचा आवाज त्याखाली दबतो. शिवाय इथे खाली प्राणवायू अगदी कमी असलेला जाड थर आहे, आणि काही क्रिल दिवसा त्यातच उतरतात. कोणता प्राणी कोणत्या थरात होता हे कळायला उघड-मीट होणारे मल्टिनेटच हवे. एकाच ठिकाणी ते दोनदा टाका, भर दुपारी आणि मध्यरात्री. साउंडर जहाजावर असलाच तर चालू ठेवा. जाळे कोणत्या थरात उघडायचे ते ठरवायला उपयोगी पडेल.