ऑनलाइनचं तेराशेचं किट की आर्णीची दोनशेची पाटी? दोन लेकरं घेऊन मेलबर्नला गेली त्याचा रिव्ह्यू

सरळच सांगते, ते ऑनलाइन मिळणारं "फ्लाइट फ्रेंडली" लेकरांचं किट घेऊ नका. पाचपैकी एक स्टार, तोही पाऊचची चेन चांगली आहे म्हणून. आर्णीच्या कटलरीच्या दुकानातून जी पाटी घेतली तिला चार. अन् विमानात सीटसमोर स्क्रीन असते तिला साडेचार. आता यावर कोणी मला स्क्रीन टाइमचं ज्ञान देऊ नका, आधी तीन वर्षांचं लेकरू घेऊन तिथं बसून दाखवा मग बोलू.

कोण कुठं गेलं ते सांगते म्हणजे तुमच्या कामाचं आहे का कळेल. भाऊ मेलबर्नला आहे, त्याच्याकडं मे महिन्यात गेलो, मी, आत्याबाई (म्हणजे सासूबाई), मोठा सात वर्षांचा अन् लहानी तीनची. आमचे हे आले नाहीत, कृषी केंद्र आहे, बियाण्याच्या टायमाला दुकान बंद करून कोणी विदेशात जाते का. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाशेवटाला भरतात म्हणून सुट्टीची चिंता नव्हती. आर्णीहून यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी करत नागपूर, तिथून दोहा, दोह्याहून मेलबर्न. नागपूर ते दोहा चारेक तासांचं आहे, त्यात काही लागत नाही, रात्रभराचं जागरण झालेलं राहते, पोरं बसल्या बसल्या झोपली. खरा घाम निघते तो दोह्याच्या पुढं, चौदा तासांच्या आसपास एकाच खुर्चीत, खाली उतरून "जा बाहेर खेळ" म्हणायची सोय नाही.

किटवाल्यांनी फोटोत भल्लं दाखवलं होतं. आतमधी काय तर गोल खडू, ओवायचे मणी, कागद कापायची कैची, स्लाइमची बाटली अन् जोडायचं चित्र ज्याचे नखाएवढे तुकडे. ज्यानं हे किट भरलं तो माणूस लेकरू घेऊन विमानात बसलाच नसेल. कैची सिक्युरिटीत काढून घेतली. स्लाइमची बाटली होती 120 मिलीची, अन् विदेशी विमानात हातातल्या बॅगेत द्रव म्हणा जेल म्हणा 100 मिलीच्या वरची बाटली चालतच नाही, अर्धी रिकामी असली तरी नाही, तर तीही गेली. लहानीचं रडणं तिथूनच चालू. मग राहिले मणी अन् खडू. विमान वर चढताना नाक वर राहते हे आपल्याला माहीत आहे पण खडूला कोण सांगणार, लहानीनं डबी उघडली अन् दोन खडू जे गडगडत मागं गेले ते पाच-सहा रांगा मागच्या एका काकांनी पट्टा बांधायचा लाइट गेल्यावर आणून दिले, बिचारे हसत होते. मणी तं अजूनही त्या विमानात असतील.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, वस्तू कितीची आहे ते पाहू नका, हातातून सुटली तर कुठं जाते ते पहा. विमानात सीटखाली पडलेली वस्तू सापडत नाही. वाकायला जागा नाही, समोरच्यानं सीट मागं केली असली तर डोकंही खाली जात नाही, अन् लेकराला तर तीच वस्तू पाहिजे राहते. म्हणून गोल काही नको, लहान तुकड्याचं काही नको, झाकणं वेगळी होतात असं काही नको. आवाज करणारं पण नको, ते तं तुम्हालाही समजते.

आता पाटी. बसस्टँडकडं कटलरीचं दुकान आहे ना, बांगड्या-रिबिनी-टिकल्या अन् मागच्या फळीवर खेळणी, तिथं ती काळी लिहायची एलसीडी पाटी टांगून होती, साडेआठ इंचाची, 200 रुपये सांगितले, 180ला दिली. मी म्हटलं काकाजी, याची बॅटरी चौदा तास पुरते का? ते म्हणे, "अवं बाई, लिहाले बॅटरी लागतच नाही इले. मिटवाले लागते फक्त. घेऊन जाय, नाही चालली तं वापस आण." अन् खरंच तसंच आहे, दाबानं रेघ उमटते, बटण दाबलं की एका झटक्यात साफ, करंट तेवढ्यापुरताच लागते, म्हणून बटणासारखा एक सेल महिनोन्महिने चालते. चार्जरचं लफडं नाही. लिहायची काडी पाटीतच खोचायला जागा आहे पण ती जागा ढिली, दोनदा घातली की निसटते, म्हणून मी काडीला बारीक खाच पाडून काळा करदोडा बांधला अन् दुसरं टोक पाटीच्या भोकात. काडी पडली तरी लटकून राहते. पूर्ण रस्त्यात ती एकदाही सीटखाली गेली नाही.

मोठ्यानं तिच्यावर फुली-गोळा केला, मग विमानात जेवण घेऊन येणाऱ्या ताईचं चित्र काढलं अन् तिलाच दाखवलं, ती इतकी खूश झाली की चॉकलेट दोन आणून दिली. लहानी नुसतं गिरगिट करून मिटवत होती, गिरगिट करते, बटण दाबते, हसते, पुन्हा तेच. मला वाटलं पाच मिनिटांत कंटाळेल पण बटण दाबायचीच मजा होती तिला.

पाटीचा दोष पण सांगते. एक, थोडंसं मिटवता येत नाही, मिटलं तं सगळंच मिटते, अन् लहानीनं मोठ्याचं चित्र मिटवलं तेव्हा जो तमाशा झाला तो नका विचारू. मागं लॉकचं खटकं आहे, ते सरकवलं की बटण चालत नाही, आधीच पाहून ठेवा. दोन, तिला स्वतःचा उजेड नाही. जेवण झालं की विमानात सगळे लाइट बंद करतात, मग पाटीवर काहीच दिसत नाही, डोक्यावरचा छोटा लाइट लावावा लागते. म्हणून पाच स्टार नाही देत.

त्याच दुकानातून पाण्याचं चित्रपुस्तक घेतलं 150चं. पेनात पाणी भरायचं, पानावर फिरवलं की रंग दिसतात, सुकलं की पान पुन्हा पांढरं. घरी मागच्या पावसाळ्यात असंच एक होतं तर पान सुकायलाच अर्धा दिवस. विमानात उलटं झालं. तिथली हवा एकदम कोरडी राहते, ओठ फाटतात, नाक आतून टोचते, पण त्याच कोरड्या हवेत पान भराभर सुकते. मोर रंगवून झाला अन् पान पलटवून हत्ती रंगवेपर्यंत मोराची शेपटी कडेकडेनं पांढरी व्हायला लागली, लहानी ओरडली "आई मोर चालला!" मग मोराला परत आणा, तोवर हत्ती गेला. चार पानांचं पुस्तक पण संपतच नव्हतं. कपड्यावर डाग नाही, सीटवर डाग नाही, सांडलं तर पाणीच. पेन रिकामंच न्या, आत गेल्यावर भरा. याला मी पाच देते, 150 रुपयात याच्यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

स्टिकरचं पुस्तक पण होतं, काढून पुन्हा चिकटवायचे तसे, ठीक आहे, तासभर गेला, नंतर एक आत्याबाईच्या गालावर चिकटून मेलबर्नपर्यंत आला.

आता स्क्रीन. लेकरांचे सिनेमे-कार्टून भरपूर आहेत पण आमच्याकडं सगळ्यात जास्त चालला तो नकाशा. त्यात आपलं विमान कुठं आहे, किती उंचावर, बाहेर किती थंडी, सगळं येत राहते. बाहेर उणे 50च्या आसपास पाहून मोठा म्हणते, "अन् आपल्या आर्णीत 44!" मग त्यानं हिशोब करून पाहिला, बरोबर आला की नाही ते मी तपासलं नाही. आधी आपण पश्चिमेकडं दोह्याला गेलो अन् आता पुन्हा समुद्रावरून हिंदुस्थानच्याच खालच्या टोकाकडून चाललो हे त्याला कळलं तेव्हा तो आत्याबाईला म्हणे, "आजी, मग उलटं काहून गेलो आपण? मधातच बसवून घ्यायला पाहिजे होतं." आत्याबाईनं त्याला सांगितलं की एसटी पण सरळ जाते का रे, अड्ड्याला वळसा घालूनच जाते. नंतर आत्याबाईच नकाशा सोडेनात. झोप झाली की विचारत, "आता कुठं आलो रे?" अन् तो बोट ठेवून सांगे. दोघांची चांगली ड्युटी लागली होती ती.

स्क्रीनचा अर्धा स्टार कापला तो हेडफोनमुळं. विमानात देतात तो मोठ्या माणसाच्या डोक्याचा, लहानीच्या मानेवर उतरते. स्वतःचा न्या, वायरचा न्या, ब्लूटूथवाला सगळ्या सीटला जोडत नाही. अन् काही विमानात दोन पिनांचं भोक राहते, त्यासाठी छोटा जोड मिळते तो घेऊन ठेवा. लेकरांसाठीचे हेडफोन आवाज 85 डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत असे मिळतात, डब्यावर लिहिलेलं राहते, तेच पाहून घ्या, कारण इंजिनच्या घरघरीत पोरं आवाज वाढवतच जातात.

दोह्याला थांबा असेल तर लेकरांना खुर्चीवर बसवून ठेवू नका, तिथल्या विमानतळावर चालवा. मोठ्ठं पिवळं अस्वल आहे डोक्यात दिवा घुसलेलं, फोटो सगळे काढतात, पण पोरांच्या कामाची आहेत ती तांब्या-पितळेच्या रंगाची माणसांची शिल्पं, ज्याच्यावर चढायचं, घसरायचं, आतून निघायचं, ती खेळायलाच बनवली आहेत. आमची दोघं तिथं घाम फुटेपर्यंत खेळली अन् पुढच्या विमानात जेवण होताच आडवी झाली. फुकट आहे. यापेक्षा चांगलं खेळणं मी सांगू शकत नाही.

खाण्याचं. लेकरांचं वेगळं जेवण आधी सांगून ठेवावं लागते, बहुतेक कंपन्या किमान 24 तास आधी मागतात, ऐनवेळी नाही मिळत. मी मुरमुऱ्याचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की अन् बिस्किटं नेली होती, एकेक मुरमुरा उचलून खाण्यात लहानीचा किती वेळ जाते ते घरी कधी लक्षात आलं नव्हतं. स्ट्रॉची बाटली असेल तर वर गेल्यावर झाकण हळू उघडा बापा, बाटलीतली हवा जमिनीवरच्या जास्त दाबाची राहते, उघडलं की पाणी स्ट्रॉमधून उडते, माझ्या चष्म्यावर आलं. उतरताना कान दुखतात तेव्हा मात्र तीच बाटली कामाची, घोट गिळला की कान मोकळे होतात, म्हणून विमान खाली यायला लागलं की लेकराला जागं करा अन् चोखायला-गिळायला काही द्या.

एक गोष्ट ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी. आत्याबाईनं अष्टाचंगासाठी चिंचोके फोडून पिशवीत घेतले होते, ते मी नागपूरच्या आधीच काढायला लावले, कारण तिकडं बी म्हणजे बी, बाहेरचं बियाणं चालत नाही, खाण्याचं काहीही असलं तर उतरायच्या आधी भरायच्या कार्डावर लिहून द्यायचं, लपवलं तर दंड. चिंचोक्यांच्या जागी शर्टाची बटणं घेतली, उलटी-सुलटी बाजू ओळखायला एकीकडं नेलपेंट लावलं, पट पाटीवरच काढला. चपटी बटणं गडगडत नाहीत, रुमालावर टाकली की तिथंच राहतात. मोठ्यानं तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पण सोबत घेतला होता, सोडायलाच तयार नाही, लाकडाचं असल्यामुळं तोही कार्डावर लिहिला. मेलबर्नला तपासणीच्या साहेबानं नंदी हातात घेतला, चाकं फिरवली, खाली वाकून पोटाला कीड लागली का पाहिलं, वास घेतला, अन् मोठ्याच्या हातात परत दिला. चिक्की-चिवडा पण पाहून सोडला.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्याच बॅगेत पाहिजे, नाहीतर बॅग उघडायला लावतात अन् पोरं तिथं सुटतात.

कटलरीवाल्या काकाजीकडं पाटी अजून आहे, निळी अन् गुलाबी, पाण्याचं पुस्तक संपलं होतं, नागपूरहून माल आला की मिळेल म्हणे. किटवाल्याला मी रिटर्न टाकलं, त्यानं "सामान पूर्ण नाही" म्हणून परत घेतलं नाही, आता कैची मी कुठून आणून देऊ? तक्रार लिहून ठेवली आहे, पैसे आले तर इथं खाली कळवते.