दगडाच्या खालचं काम चोख, दगडावरच्या कामात एक डाग

आमचं बाथरूम फोडायला लावलं ते खालच्या काकूंनी. त्यांच्या छताला तिसऱ्या वर्षीही पोपडे धरले आणि त्या फोन घेऊन वर आल्या, फोटो दाखवायला. ठाण्यातली सोसायटी १९८६ ची, बाथरूम सात बाय साडेचार. फोडतोच आहोत तर गुळगुळीत लाद्या नकोत, बिनपॉलिशचा कोटा दगड हवा, एवढं माझं पक्कं होतं. सासूबाई त्या लाद्यांवर दोनदा घसरल्यात.

तिघांना बोलावलं. पहिला म्हणाला, जुन्या लादीवरच केमिकलने दगड चिकटवू, दोन दिवसांत मोकळे. मोह झाला, खोटं कशाला बोलू. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते मिस्त्री मात्र नहाणी ट्रॅपपाशी, म्हणजे पाणी जायच्या जाळीपाशी, उकिडवे बसले, हातोडीच्या दांड्याने लाद्या ठोकत भिंतीपर्यंत गेले आणि म्हणाले, "वहिनी, वरून काय पण लावा, पाणी खालून जातंय." वर हेही सांगितलं की इंचभर जाडीचा कोटा म्हणजे चौरस फुटाला सहाएक किलो, जुन्या फरशीवर तो आणि मसाला चढवला तर बाथरूम पॅसेजपेक्षा उंच होईल आणि पाणी बेडरूमकडे निघेल. काम त्यांनाच दिलं.

बाथरूमखालचा स्लॅब खोलगट असतो आणि तो विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून भरलेला असतो, हे मला ५८ व्या वर्षी कळलं. चार दिवस नळ बंद होता, तरी ते तुकडे ओले निघाले. वास तर विचारू नका. स्लॅब उघडा पडल्यावर त्यांनी मला हाक मारून आत बोलावलं. ट्रॅपचा पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे पेन्सिल जाईल एवढी फट. याच फटीने तीन वर्षं आम्हाला काकूंची बोलणी खायला लावली होती.

पुढचे दिवस वर दिसणारं काहीच झालं नाही, आणि मी पैसे दिले ते त्याचेच असं मला वाटतं. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुतला. पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई दिली, तिला ते वाटा म्हणतात, कारण काटकोनात पाणी अडवणारं कोटिंग तडकतं. मग सिमेंट-पॉलिमरच्या कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, मध्ये एक रात्र. भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला पाच फूट. ट्रॅपला बोळा मारून चार बोटं पाणी साठवलं, खडूची रेघ ओढली आणि ४८ तास कोणी आत जायचं नाही. काकू खाली टॉर्च घेऊन पहाऱ्याला. दोन दिवसांनी पाणी रेघेपासून केसभर उतरलं होतं. मिस्त्री म्हणाले, तेवढं हवा पिते. काकूंचं छत कोरडं.

मग नवा कोबा. उतार दगड बसवताना काढायचा नाही, कोब्यातच काढायचा, यावर ते ठाम होते. दारापासून ट्रॅपपर्यंत सात फुटांत इंचभर. नातवाची गोटी दाराशी सोडून पाहिली, ती बरोबर ट्रॅपच्या जाळीवर जाऊन थांबली. कोटा मालावरच, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मसाल्यावरच, बसवला, केमिकलवर नाही. एक दगड दुसऱ्यापेक्षा सूतभर जाड निघतो, तो फरक खालच्या मसाल्यात सांभाळावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक दगड उचलून, माल कमीजास्त करून, रबरी हातोडीने ठोकून पुन्हा लेव्हल पट्टी. हे बघायला मी स्टूल टाकून बसायची.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून चौदा लागले. त्यातले चार पाणी आणि कोटिंगचे, तेवढे कबूल, पण दोन दिवस माणूसच आला नाही आणि फोनही नाही. राडारोड्याच्या ३७ गोण्या खाली न्यायचे पैसे वेगळे, ते आधी बोलले नव्हते. सगळं धरून ७१ हजार झाले. आणि शेवटच्या दिवशी मिस्त्री नसताना त्यांच्या पोऱ्याने सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओतलं. कोटा हा चुनखडीचा दगड. सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला. मी ओरडेपर्यंत ट्रॅपजवळचा वीतभर भाग पांढरट, खरखरीत होऊन गेला. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली, दगड बदलून देतो म्हणाले. पण तो काढायचा म्हणजे खालचं पुन्हा ठोकायचं, तेही ऐन ट्रॅपपाशी. मी नको म्हटलं.

पावसाळा पार पडला, काकूंनी छत रंगवून घेतलं. काम द्यायचं असेल तर यांनाच द्या, फक्त शेवटच्या दिवशी घर सोडून जाऊ नका. डागावर मी बादली ठेवते.