मर्केल सेल कार्सिनोमाच्या सेल लाइन: नाशिकमध्ये बसून प्रबंधासाठी कोणती निवडावी?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला ‘मर्केल सेलमधली म्युटेशन’, म्हणजे मर्केल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगातले जनुकीय बदल, असा विषय ठरतो आणि लगेच सेल लाइनची, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींची, यादी शोधायला सुरुवात होते. यादीत नावं बरीच सापडतात: एमकेएल-१, वागा, एमएस-१, एमसीसी १३, एमसीसी २६, यूआयएसओ. सगळ्यांपुढे आजाराचं नाव एकच लिहिलेलं असल्यामुळे कुठलीही मागवली तरी चालेल असं वाटतं. तसं चालत नाही, आणि इथे निवड चुकली तर पुढचं सगळं काम दुसऱ्याच आजारावर होऊन बसतं.

आधी आजाराचं बघू. १९७२ मध्ये टोकर यांनी याचं पहिल्यांदा वर्णन केलं. तो बहुतेक करून उतारवयातल्या, गोऱ्या कातडीच्या माणसांना होतो. एचआयव्हीमुळे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना धोका जास्त. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या गटाला या गाठींच्या डीएनएमध्ये घुसून बसलेला एक पॉलिओमाव्हायरस सापडला. पाश्चात्त्य देशांतल्या साधारण ८० टक्के गाठींमध्ये तो असतो. ऑस्ट्रेलियात, जिथे ऊन कडक आणि कातडी गोरी, तिथे व्हायरस नसलेल्या गाठींचं प्रमाण बरंच जास्त आहे.

म्युटेशनचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी दुनिया आहेत. २०१६ च्या एका एक्झोम अभ्यासात (डीएनएतला प्रथिनं बनवणारा भाग वाचणाऱ्या अभ्यासात) व्हायरस नसलेल्या गाठींमध्ये एका बेसच्या बदलांचा मध्यक ११२१ निघाला. व्हायरस असलेल्या गाठींमध्ये तो होता १२.५. पहिल्या प्रकारात आरबी१ आणि टीपी५३ ही कर्करोगाला आवर घालणारी जनुकं वारंवार निकामी झालेली असतात आणि अतिनील किरणांची खूण, म्हणजे डीएनएतल्या सी या अक्षराच्या जागी टी, सगळीकडे दिसते. दुसऱ्या प्रकारात माणसाच्या जनुकांना फार धक्का लागलेला नसतो, कारण पेशी बिघडवण्याचं काम व्हायरसची प्रथिनं करतात. तिथलं सगळ्यात महत्त्वाचं म्युटेशन माणसाच्या नाही, व्हायरसच्या जनुकात असतं: लार्ज टी हे व्हायरसचं प्रथिन अर्धवट तुटतं. आरबी१ च्या प्रथिनाला पकडणारा भाग शाबूत राहतो, व्हायरसची प्रत काढणारा भाग जातो. म्हणून या पेशी नवा व्हायरस बाहेर सोडत नाहीत. सुरक्षा समितीपुढे अर्ज नेताना हे नीट लिहावं. तरीही मानवी कर्करोगाच्या पेशी म्हणून बीएसएल-२ ची (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची) शिस्त पाळायचीच.

आता लाइनकडे वळू.

एमकेएल-१ ही १९८७ ची, या आजाराची जुनी आणि सर्वाधिक वापरली गेलेली लाइन. वागा तिच्या बरीच नंतरची, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली. दोन्हींत व्हायरस आहे आणि दोन्हींत टीपी५३ शाबूत आहे. एमएस-१ मध्येही व्हायरस आहे, पण तिचं टीपी५३ बिघडलेलं आहे. या एका फरकातून चांगला प्रबंध उभा राहू शकतो. पी५३ ला (टीपी५३ च्या प्रथिनाला) त्याला दाबून ठेवणाऱ्या एमडीएम२ या प्रथिनाच्या तावडीतून सोडवणारं औषध एमकेएल-१ आणि वागावर चालेल, एमएस-१ वर चालायला नको. तिसरी लाइन, म्हणजे एमएस-१, इथे तुलनेसाठी आयतंच मिळालेलं नियंत्रण होते. व्हायरसची टी प्रथिनं कमी केली की अशा पेशींची वाढ थांबते, हेही २०१० मध्येच दाखवलं गेलं. प्रश्न व्हायरस आणि त्याच्यावर जगणाऱ्या पेशीचा असेल तर या तिघींपैकीच निवडा.

अडचण वाढवण्याची आहे. या पेशी तळाला चिकटत नाहीत. माध्यमात गुठळ्या करून तरंगतात आणि सावकाश वाढतात. गुठळीतल्या पेशी मोजताना आकडे डळमळतात. जनुक आत घालायचं तर नेहमीची रसायनं फारशी उपयोगी पडत नाहीत, जनुक वाहून नेणाऱ्या लेंटिव्हायरसकडे जावं लागतं. सहा महिन्यांच्या डेझर्टेशनमध्ये यांच्याकडून क्रिस्परची (जनुक संपादनाची) अपेक्षा ठेवू नये.

एमसीसी १३, एमसीसी २६ आणि यूआयएसओ यांची तऱ्हा उलटी. तळाला छान चिकटतात, भराभर वाढतात, सूक्ष्मदर्शकाखाली देखण्या दिसतात. पहिल्या दोन ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या. व्हायरस नसल्यामुळे त्या ‘व्हायरसविरहित मर्केल’ म्हणून वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. पण २०१५ मध्ये गाठी आणि लाइन यांची जनुकीय अभिव्यक्ती शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा एमकेएल-१, एमएस-१ आणि वागा खऱ्या गाठींच्या जवळ निघाल्या आणि या तिघी लांब. मर्केल गाठीत जे हमखास शोधतात ते सीके२० हे प्रथिन आणि चेतासंप्रेरकी (न्यूरोएंडोक्राइन) पेशींच्या इतर खुणाही त्यांच्यात नीट दिसत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: ‘टी प्रथिन नसलेल्या पेशी’ एवढ्याच अर्थाने नियंत्रण म्हणून त्या वापराव्यात. त्यांच्यात सापडलेलं म्युटेशन ‘व्हायरसविरहित मर्केलमध्ये सापडलं’ असं लिहू नये. सोय हे निवडीचं कारण म्हणून मला इथे पटत नाही, कारण शेवटी ज्या रुग्णाच्या उपचारासाठी हे काम चाललंय त्याच्या गाठीशी या पेशींचं नातंच धूसर आहे.

नाशिकचं म्हणाल तर सोयी वाटतात तितक्या कमी नाहीत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर मिळतात, फक्त शुद्धतेचा दर्जा विचारून घ्या. द्रव नायट्रोजन जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी जिल्ह्यात फिरतोच. आपल्या विभागाने त्या पुरवठादारांशी बोलून ठेवलं तर पेशी गोठवून ठेवण्याचा क्रायोकॅन रिकामा पडत नाही. इन्क्युबेटरला वीज गेल्यावर चालणारा आधार मात्र हवाच, एप्रिल-मेमध्ये तर नक्की. लाइन मागवण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीपेढीत चौकशी करा. तिथे नसेल तर परदेशी पेढी किंवा लाइन तयार करणारा गट, सामग्री हस्तांतरणाचा करार आणि कित्येक आठवड्यांची वाट. ओळखीच्या लॅबमधून बर्फावर आलेली कुपी फुकट पडते, पण तिची एसटीआर तपासणी (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणारी) झाल्याशिवाय एकही प्रयोग सुरू करू नये. नाव बरोबर असलं तरी पेशी बदलत राहतात: २०१८ मध्ये एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या लाइनच्या २७ उपप्रती तपासल्या, तर त्यांच्यात जनुकीय फरक आणि औषधांना वेगवेगळे प्रतिसाद सापडले. पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या ते, वहीत लिहा आणि सुरुवातीलाच भरपूर कुप्या गोठवून ठेवा.

एक खोच बरेच जण विसरतात. जुन्या लाइनसोबत त्याच रुग्णाचा निरोगी ऊतक सहसा मिळत नाही. मग सिक्वेन्सिंगमध्ये दिसलेला बदल कर्करोगात घडला की तो माणूस घेऊनच जन्मला होता, हे सांगता येत नाही. लोकसंख्येच्या डेटाबेसमध्ये सापडणारे बदल गाळून टाकले तरी दुर्मिळ वंशपरंपरागत बदल मागे उरतात. म्हणून फक्त लाइन वाचून ‘नवीन म्युटेशन’ जाहीर करणारा प्रबंध मी तरी स्वीकारणार नाही.

व्हायरसविरहित आजाराची म्युटेशन हाच ज्यांचा खरा प्रश्न आहे, त्यांनी सेल लाइन न घेता गाठींची प्रसिद्ध झालेली माहिती घ्यावी. टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकीय माहितीच्या मोठ्या संग्रहात हा कर्करोग नाही, त्यामुळे वेगवेगळ्या अभ्यासांचे तक्ते गोळा करावे लागतील. एक्झोमच्या कच्च्या फाइल्स बऱ्याचदा परवानगीनेच मिळतात आणि अर्ज गाइडच्या नावाने करावा लागतो. तो विषय नोंदवतानाच पाठवा. तक्त्यांवरच्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो.

ज्यांच्याकडे इन्क्युबेटर, बीएसएल-२ आणि दोन-तीन वर्षं आहेत, त्यांनी एमकेएल-१ आणि एमएस-१ ही जोडी घ्यावी. वागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. ज्यांच्याकडे सहाच महिने आहेत त्यांनी एकटी एमकेएल-१ घ्यावी, तिची ओळख पक्की करावी, लार्ज टी नेमकं कुठे तुटलंय ते सँगर या डीएनए वाचण्याच्या पद्धतीने स्वतः वाचावं आणि टीपी५३ चे एक्झॉन (प्रथिन बनवणारे तुकडे) तपासावेत. एवढं काम वेळेत संपतं, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला विभागात एक तपासलेली लाइन तयार मिळते.